ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं टाईप वन लेकरू: सहा महिने इन्सुलिनचं कसं करायचं?

बालाघाटी – १२ सप्टेंबर, रात्री ९:४०

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, दुकानामागच्या खोलीत टाईप वन डायबेटिसची पोरं आणि त्यांच्या घरचे जमतात. संस्था नाही, नोंदणी नाही, फलक नाही. एकाकडे ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उरल्या असतील तर दुसऱ्याला द्यायच्या, शुगरच्या वह्या बघायच्या, एकाच जागी सुई टोचून टोचून गाठ आलीय का ते चाचपायचं, एवढंच. इन्सुलिन एका ट्रस्टकडून फुकट मिळतं, त्यामुळे तो घोर सध्या नाही.

यातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. लेकराचं काय करायचं, हा पेच दरवर्षीचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाईप वन म्हणजे आजोबांची शुगर नव्हे. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्यानं होत नाही, गोळीनं भागत नाही. दिवसाला तीन-चार वेळा इन्सुलिन, आयुष्यभर. बंद केलं तर थोड्या दिवसांत लेकरू जातं.

यंदाचा मुलगा बारा वर्षांचा. दिवसाला साधारण तीस युनिट लागतात. चाळीसच्या ताकदीची (एका मिलीत ४० युनिट) दहा मिलीची बाटली म्हणजे ४०० युनिट, म्हणजे महिन्याला सव्वादोन बाटल्या. थोडं सांडलवंड धरून सहा महिन्यांच्या पंधरा. पंधरा बाटल्या मी आजच काढून देईन हो, पण ठेवणार कुठं? न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत लागते. उघडलेली बाहेर सावलीत चार आठवडे चालते. तोडीवरच्या झोपडीत, कोपीत, कुठला फ्रिज!

आईबापांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; आई मागं राहिली तर अर्धा कोयता होतो आणि उचल फिटत नाही. घरी आजी आहे, तिला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. गावात हंगामी वसतिगृह आहे, पण तिथं सुईचं नाव काढलं की सगळे मान फिरवतात. सोबत न्यावं तर वर लिहिलंच आहे.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. सल्ले नकोत असं नाही, पण आधी अनुभव.


उपकेंद्रातली_ताई – १२ सप्टेंबर, रात्री १०:१५

फ्रिजवरून आठवलं. कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगते: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लशींच्या फ्रिजमध्ये (आम्ही आयएलआर म्हणतो) लस सोडून दुसरं काही ठेवायला परवानगी नाही. तपासणीला कोणी आलं आणि इन्सुलिन दिसलं तर आमच्यावर येतं. मात्र बऱ्याच केंद्रांत औषधांसाठी साधा फ्रिजही असतो. तिथल्या फार्मासिस्टला विचारा. आमच्याकडे एका मुलीच्या बाटल्या तशाच ठेवतो, वर तिचं नाव लिहून.

फ्रिज कोणाचाही असो, बर्फाच्या कप्प्याजवळ बाटली ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर जसंच्या तसं दिसू शकतं, पण त्याचा भरवसा राहत नाही.


खडू_फळा – १२ सप्टेंबर, रात्री ११:०२

परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. हंगामी वसतिगृहाबद्दल बाहेरच्यांचा गैरसमज होतो म्हणून लिहितो. नाव वसतिगृह, पण आमच्याकडे मुलं शाळेत दोन वेळ जेवतात आणि झोपायला आजी-चुलत्यांकडे जातात. म्हणजे रात्रीची सुई आणि पहाटेची शुगर यांचा वाली शाळा नाहीच. बालाघाटींच्या गावातही असंच असेल तर 'वसतिगृहात ठेवा' या सल्ल्यानं अर्धाच प्रश्न सुटतो.

मान फिरवण्याचं म्हणाल तर त्यात निगरगट्टपणा कमी, भीती जास्त असते. पोरगं वर्गात पडलं तर गाव मास्तरला धरतं. माझ्या वर्गात टाईप वनची मुलगी आली तेव्हा मीही टरकलो होतो. तिच्या डॉक्टरांनी एका कागदावर मराठीत लिहून दिलं: शुगर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर, चिडचिड, बरळणं दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या, मग काहीतरी खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. खाली पालकांची संमतीची सही. तो कागद टेबलाच्या काचेखाली गेला आणि माझी भीती गेली. सुई मी टोचत नाही, ती स्वतः टोचते. मी फक्त समोर उभा राहून आकडा वाचतो.

परीक्षेचंही सांगून ठेवतो. सीबीएसईनं २०१७ सालीच टाईप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि गोळ्या जवळ ठेवू दिल्या. आपल्या बोर्डाच्या केंद्रावर ऐनवेळी हुज्जत नको म्हणून डॉक्टरांचं पत्र जोडून केंद्रसंचालकांकडे आधीच अर्ज द्यावा. हॉलतिकिटाच्या दिवशी नाही, महिनाभर आधी.


भुईमूग – १२ सप्टेंबर, रात्री ११:३०

वाचतेय. दिव्यांग प्रमाणपत्रातून काही सवलत मिळेल का या मुलाला?


रात्रपाळी – १३ सप्टेंबर, पहाटे ३:५०

@भुईमूग, नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात टाईप वन नाही. फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजची सुई आणि पट्टी तिच्यात बसत नाही. म्हणजे मूल अत्यवस्थ झालं तर सरकार खर्च करतं, होऊ नये म्हणून जे लागतं ते घरच्यांनी बघायचं. असो.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात बालरोग विभागात शिकतोय. आमच्याकडे ही मुलं कशी येतात ते सांगतो. पोटात दुखतंय, उलट्या होतात, धाप लागलीय. तीन दिवस गावात सलाईन लावलेलं असतं, कधी ग्लुकोजचंच. कोणी न्यूमोनिया म्हणालेलं असतं, कोणी बाहेरचं काहीतरी. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, तोवर रक्तात आम्ल साठलेलं असतं. याला डीकेए म्हणतात. त्याआधी कित्येक दिवस मूल सारखं लघवीला जात असतं, घटाघटा पाणी पीत असतं, झिजत असतं. आठवी-नववीतलं पोरगं पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर मारू नका, बोटाची शुगर तपासा.

ऊसतोडीच्या पोरांचा डीकेए बऱ्याचदा दुसऱ्या कारणानं होतो. ताप येतो, पोरगं जेवत नाही. आई म्हणते, जेवलं नाही तर सुई कशाला? आणि बंद करते. हे सगळ्यात घातक. आजारपणात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं, उलट बरेचदा जास्त लागतं. किती, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरला फोन करून. या धाग्यावर कोणी डोस विचारू नका आणि कोणी सांगू नका.

माझं मत: मुलगा गावी राहावा. तळावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामी, काही झालं तर मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ जातो.


निसर्गमित्र७२ – १३ सप्टेंबर, सकाळी ८:१०

सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे. एकदा इन्सुलिन सुरू केलं की शरीराला सवय लागते. कारल्याचा रस, गुळवेल आणि आमचा अर्क ९० दिवस घ्या, सुई सुटलेल्या मुलांचे फोटो पाठवतो. संपर्क: (क्रमांक काढला आहे – संपादक)


पाचवी_सुई – १३ सप्टेंबर, सकाळी ८:४५

सवय तर आहेच. श्वास घ्यायची पण आहे.

मी नांदेडची, अकरा वर्षांची होते तेव्हापासून इन्सुलिनवर. माझ्या मामानं असाच एक अर्क आणला होता. नवीन रुग्णाचं शरीर सुरुवातीचे काही महिने थोडं इन्सुलिन स्वतः बनवतं, डोस कमी होतो, याला डॉक्टर लोक हनिमून म्हणतात. अर्कवाले नेमके त्याच महिन्यांत फोटो काढतात. पुढचे फोटो मागा त्यांच्याकडे.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोला चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशा पोरांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवायचे, बस. शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. खेळ कोणाचा ते तुम्हीच ठरवा.


संपादक – १३ सप्टेंबर, सकाळी ९:००

इन्सुलिन बंद करायला सांगणारे प्रतिसाद यापुढे थेट उडवले जातील. चर्चा धाग्याच्या विषयावर ठेवा.


लिंबाखाली – १३ सप्टेंबर, रात्री ८:२०

रामराम. मी सोता कोयता हाय. लिवायला जमंल तसं लिवतो, समजून घ्या.

माझी पोरगी चवदा वर्साची. दोन हंगाम सोबत न्यायलाव. डाक्टर सायेब म्हणतेत गावी ठेवा, त्यांचं बी खरं हाय. पण गावी कोन? म्हातारी सात वाजता झोपती. पोरीला राती लो झालं, शुगर खाली गेली, तर उठवील कोन?

तळावर आमी दोन मडके केलेत. मोठ्या मडक्यात वली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बाटली पिलास्टिकच्या डब्यात. वरून वलं फडकं. कोपीच्या सावलीच्या अंगाला, वारं लागंल असं. दिवसातून दोनदा वाळूवर पानी. माघ संपला की ऊन तापतंय तवा तीनदा. उघडलेली बाटली त्यात टिकती. बाकीच्या बाटल्या कारखान्याजवळच्या एका मेडिकलवाल्याच्या फ्रिजमदी ठेवल्या व्हत्या, महिन्याला आनायच्या.

आता खरं काय ते सांगतो. आमी दोघं पहाटं तीनला फडात जातो. पोरगी कोपीत एकली. तवा मी तळावरल्या सगळ्या बायांना बसवून सांगितलं. शेजारच्या कोपीतली बाई निरक्षर हाय, पन तिला सगळं तोंडपाठ. एकदा पोरगी पान्याचा हंडा घेऊन येताना वाकडी-तिकडी चालाया लागली. त्या बाईनं आधी साखर चारली, मंग मला बोलवाया पोरगं धाडलं. उलटं केलं असतं तर? मी येस्तोवर अर्धा तास गेला असता.

मुकादमाला बी सांगून ठिवा. आदी कुरकुर केली त्यानं. म्या म्हनलं, पोरीला काय झालं तर कोयता बंद पडंल, मंग ऐकलं.


रात्रपाळी – १३ सप्टेंबर, रात्री ११:१५

दादा, मडक्याची युक्ती चांगली आहे आणि शास्त्राला धरून आहे. बाष्पीभवनानं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच कमी राहतं. फ्रिजइतका नाही, पण उघडलेल्या बाटलीला पुरतो. एक करा: पांढऱ्या इन्सुलिनमध्ये हातावर घोळवूनही गुठळ्या राहिल्या, किंवा पाण्यासारखं असणारं गढूळ झालं, तर ती बाटली फेकायची.

हंड्यावरून एक मुद्दा सुटायला नको. अंगमेहनतीनं शुगर खाली येते, कधी कधी काम संपल्यावर रात्री झोपेतही. बारा वर्षांचं पोरगं फडात गेलं की नुसतं बसत नाही, वाढं (उसाचे शेंडे) गोळा करतं, मोळ्या ओढतं. त्या दिवशी झोपायच्या आधी शुगर बघा.

आणि हो, 'गावीच ठेवा' हे मी जरा घाईनं लिहिलं. रात्री उठवणारं माणूस कुठे आहे, ते आधी बघायला हवं.


पाचवी_सुई – १४ सप्टेंबर, दुपारी १:०५

लिंबाखाली दादांच्या तळावरची ती बाई मला माझ्या शाळेत हवी होती.

सगळे मुलाच्या सुईबद्दल बोलताय, मुलाबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून लिहिते. बारा वर्षांचं पोर स्वतः टोचून घेतं, हे खरं. म्हणून घरचे 'आता त्याचं तो बघतो' म्हणत सुटतात आणि तिथंच घसरगुंडी सुरू होते. मी तेरा-चौदाची असताना वहीत खोटे आकडे लिहायचे. पट्टी महाग, एकेक पंधरा-वीस रुपयांची, आणि आकडा जास्त आला की आई रडायची. मग १३०, १४२, १२८ असे छान छान आकडे. वहीतले सगळे आकडे छान दिसू लागले की पोरावर ओरडू नका, त्याच्याशेजारी बसा.

मुलींचं आणखी वेगळं. वयात आल्या की घरचे म्हणतात, कोणाला सांगू नको, लग्न जमणार नाही. मग पाहुण्यांत, प्रवासात, मैत्रिणींत सुई चुकते. संडासात जाऊन टोचून घेणाऱ्या मुली मला माहीत आहेत. लपवायचं म्हटलं की लो झाल्यावर मदतही मागता येत नाही. नवरात्रात उपवास धरायचा आणि 'सुई घेतली की उपवास मोडतो' हेही ऐकलंय.

मला उभं केलं ते माझ्याच वयाच्या दुसऱ्या टाईप वन मुलीनं. ती माझ्यासमोर, चारचौघांत, पोटावर टोचून घेऊन गप्पा मारत राहिली. संभाजीनगरची उडान संस्था मराठवाड्यातल्या टाईप वन मुलांसाठी काम करते, तिकडे विदर्भात नागपूरचा ड्रीम ट्रस्ट १९९५ पासून आहे. दोन्हींची माहिती काढा. पण महिन्याला गाडीभाडं करून जाणं प्रत्येकाला जमत नाही, म्हणून बालाघाटींची मागची खोली मला जास्त मोलाची वाटते. तिथं मोठ्या मुलांना लहान मुलांशी जोडून द्या. हवं तर मी त्या मुलाशी फोनवर बोलेन, आठवड्यातून एकदा. शुगर विचारणार नाही, क्रिकेट विचारेन.


उपकेंद्रातली_ताई – १४ सप्टेंबर, दुपारी ४:३०

आजीबद्दल. आजीला रेघा दिसत नसतील तर तिला सुई भरायला शिकवूच नका. मुलानं भरायची आणि शेजारच्या एखाद्या शिकलेल्या पोरीनं आकडा मोठ्यानं वाचायचा. आजीकडे फक्त तीन कामं: साखरेची पुडी उशाशी, वेळेवर जेवण, आणि पोरगं जागं होत नसेल तर कोणाला हाक मारायची ते ठाऊक. आज्या हे फार चोख करतात.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. भरली की आशाताईकडे द्या, उकिरड्यावर नको.


कृष्णाकाठ – १४ सप्टेंबर, रात्री ९:५०

मी सांगली जिल्ह्यातला, वाळवा तालुका. ऊस उत्पादक. दरवर्षी बीडच्या टोळ्या आमच्या शिवारात असतात. इतकी वर्षं त्यांची पोरं बांधावर बघतोय, पण एखाद्याच्या पिशवीत इन्सुलिन असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

मुलगा इकडे येणार असेल तर माझ्या घरचा फ्रिज आहे, लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे. अडचण अशी की टोळी एका जागी राहत नाही, फड संपला की तळ हलतो. कोणती टोळी कुठल्या गावात आहे ते कारखान्याच्या चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या बघणाऱ्याला) बरोबर ठाऊक असतं. त्याला हाताशी धरा. आमचा चिटबॉय भला आहे, मी बोलू शकतो. कारखाना कोणता ते इथं नको, निरोपातून कळवा.


लिंबाखाली – १५ सप्टेंबर, सकाळी ६:१०

असे मालक गावोगावी भेटले पायजेत. आमच्या वेळी मेडिकलवाल्यानं फ्रिज दिला तर मला लई नवल वाटलं व्हतं.


बालाघाटी – १७ सप्टेंबर, रात्री १०:२५

सगळं त्या घरी वाचून दाखवलं. मुलगाही होता. लिंबाखालींचा प्रतिसाद त्याच्या बापानं दोनदा वाचायला लावला.

ठरलं ते असं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मुलगा गावी. शेजारी बारावीची मुलगी आहे, ती सकाळ-रात्र येऊन आकडा वाचेल. रात्री मुलाचा चुलतभाऊ त्याच्याजवळ झोपेल, साखर-पाणी कसं द्यायचं ते त्याला माझ्यासमोर करून दाखवायला लावलं. शाळेत खडू_फळा यांचा कागद जशाचा तसा नेला, फक्त डॉक्टरांची सही आमच्याकडची. मुख्याध्यापकांनी आधी 'वरून आदेश आहे का?' विचारलं. आयसीएमआरच्या (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२२ च्या टाईप वन मार्गदर्शक सूचना छापून समोर ठेवल्या. त्यांनी त्या वाचल्या असतील असं वाटत नाही, पण जाड कागद बघून शांत झाले.

संक्रांतीनंतर आई येऊन त्याला तळावर नेणार. सहा महिने लांब ठेवायला ती तयार नाही आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार. तेव्हापासून कृष्णाकाठ यांचा फ्रिज.

पाचवी_सुई, मुलगा म्हणाला की क्रिकेट नको, कबड्डी चालेल.

एक काळजी राहिली. इथून मी चाळीसच्या बाटल्या आणि लाल टोपीच्या चाळीसच्याच सिरिंज देणार. तिकडे सिरिंज संपल्या आणि कोणी नारिंगी टोपीची शंभरची दिली, तर तेवढ्याच रेघेवर इन्सुलिन अडीचपट कमी जाईल. उलट झालं, म्हणजे पेनची शंभरची कार्ट्रिज चाळीसच्या सिरिंजनं भरली, तर अडीचपट जास्त, आणि ते जीवावर बेतेल. कृष्णाकाठ, तुमच्या गावच्या मेडिकलमध्ये लाल टोपीच्या मिळतात का, तेवढं बघता का?


कृष्णाकाठ – १८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

विचारून आलो. दुकानात आत्ता नारिंगीच आहेत. लाल मागवून ठेवतो म्हणाला, पण खोक्यानं घ्याव्या लागतील. घेतो. उरल्या तर तुमच्या मागच्या खोलीत पाठवून देईन.